ट्रॅक्टरचं वजन, ट्रॅक्टरचं नाव



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं ट्रॅक्टरपाशी काय काम? काम आहे. एखादा जुना, बंद पडलेला ट्रॅक्टर गोठ्याच्या मागं चाकं रुतलेल्या अवस्थेत उभा असतो. त्याच्यापाशी थांबणारा माणूस साधारण दोनच प्रश्न विचारतो. एक, ‘याचं वजन किती भरेल?’ आणि दुसरा, ‘हा नेमका कुठला?’ पहिला प्रश्न बहुतेक वेळा भंगारवाल्याचा असतो, दुसरा हौशी माणसाचा. भंगारवाल्याला नावाशी कर्तव्य नाही, बीड आणि लोखंड किती, एवढं कळलं की त्याचा हिशेब पुरा होतो. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर त्या यंत्राचा निकाल पहिल्या प्रश्नावर लागतो. ते किलोच्या भावाने जातं. आज आपल्याला बघायचं आहे की हे दोन्ही प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत, आणि नीट विचारले तर ते एकमेकांत मिसळतात.

त्यासाठी मी एकच ट्रॅक्टर घेणार आहे: इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला राखाडी रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. तोच का, असं विचाराल, तर कारण असं की वजन या गोष्टीकडे शेतीच्या यंत्रातून नव्याने बघायला लावणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन.

आधी काळ लक्षात घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे ट्रॅक्टर अवजड होते. रुमेली कंपनीच्या ऑइलपुल ट्रॅक्टरची मोठी मॉडेलं दहा टनांच्या वर भरायची. त्यामागचा विचार सरळ होता. नांगर ओढायचा तर चाकाने जमीन घट्ट धरली पाहिजे, आणि चाकाने जमीन धरायची तर वर वजन पाहिजे. बैलाचंही तेच की! मरतुकड्या बैलाकडून खोल नांगरट होत नाही. पण वजनाची किंमत मोजावी लागते. जड यंत्र जमीन दाबतं, वाफसा नसताना रानात घातलं तर रुततं, आणि स्वतःचंच ओझं वाहण्यात निम्मं इंधन जाळतं.

१९१७ साली हेन्री फोर्डने फोर्डसन बाजारात आणला. स्वस्त, लहान, वजन सुमारे बाराशे किलो. तो हजारोंनी खपला. पण त्याला एक जीवघेणी खोड होती. मागे साखळीने किंवा आकड्याने जोडलेला नांगर जमिनीतल्या दगडाला अडकला की ओढ थांबायची, मागची चाकं मात्र फिरू बघायची. मग चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच मागच्या ॲक्सलभोवती उचलला जायचा. पुढचा भाग वर, आणि क्षणात ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर. माणसं मेली त्यात.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या उत्तर भागातल्या काउंटी डाऊनचा. जन्म १८८४, शेतकऱ्याच्या घरात. शेतात मन रमलं नाही म्हणून मोटारींच्या धंद्यात शिरला. १९०९ च्या डिसेंबरात स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण मानतात. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा शेतांवर ट्रॅक्टर कसे चालतात हे बघून सुधारणा सुचवण्याचं सरकारी काम त्याच्याकडे आलं. गावोगाव हिंडून त्याने जे पाहिलं, त्यातून त्याला एक गोष्ट उमगली. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी घोड्याच्या जागी इंजिन आणलं, पण नांगर अजून घोड्यामागे बांधल्यासारखाच मागून फरफटत येतो आहे. नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रं आहेत, ही समजूतच चुकीची आहे.

त्याने काय केलं? नांगर ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडला. खाली दोन दांडे, वर एक. आज आपल्याकडचा कुठलाही शेतकरी त्याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतो, वरच्या दांड्याला टॉपलिंक म्हणतो. नांगर मातीत शिरला की माती त्याला मागे आणि खाली ओढते. खालचे दोन दांडे ताणले जातात, आणि वरचा दांडा उलट पुढे रेटला जातो. हा वरचा रेटा ट्रॅक्टरचं तोंड वर उचलू देत नाही. शिवाय तोच रेटा एका स्प्रिंगमधून हायड्रॉलिक पंपाच्या झडपेला कळतो. जमीन कठीण लागली, रेटा वाढला, तर लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. त्या क्षणी नांगराचा आणि त्यावरच्या मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. म्हणजे चाकाला पकड जिथे हवी तिथेच, आणि हवी तेव्हाच भार वाढतो. दगडाला नांगर अडकला तर चाकं जागीच घसरतात, ट्रॅक्टर उलटत नाही.

आता गंमत बघा. टीई-२० चं वजन साधारण अकराशे किलो, म्हणजे फोर्डसनपेक्षा थोडंच कमी. दोघांना साखर कारखान्याच्या काट्यावर उभं केलं तर आकड्यात फरक जेमतेम दिसेल. शेतात मात्र एक उलटतो आणि दुसरा उलटत नाही. एकाला कठीण रानात पकड सुटते, दुसऱ्याला कठीण रानातच पकड मिळते. काट्यावरचा आकडा खरा आहे, पण त्या यंत्राबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो सांगत नाही.

इथे मला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद आठवतो. वैशेषिकांनी जे चोवीस गुण मोजले, त्यांत ‘गुरुत्व’ हा एक आहे. वस्तू खाली पडते त्याचं कारण ते गुरुत्व. पुढे नैयायिकांनी असं मांडलं की अवयवांपासून जो अवयवी बनतो, तो अवयवांहून वेगळा असतो. सूत वेगळं आणि कापड वेगळं. त्यावर बौद्ध तार्किकांनी मोठा मार्मिक प्रश्न टाकला. कापड हे सुताहून वेगळं द्रव्य असेल, तर सूत तोलल्यावर जे वजन भरतं त्याहून कापडाचं वजन जास्त भरायला हवं. सुताचं अधिक कापडाचं. मग तराजू खाली का जात नाही? नैयायिकांनी याला उत्तरंही दिली, त्या वादात आज शिरत नाही. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की ट्रॅक्टर सुटा करून त्याचे भाग एकेक करून तोला, किंवा जोडून तोला, काटा एकच आकडा दाखवेल. जोडणीला काट्यावर वजन नसतं. आणि फर्ग्युसनची सगळी करामत तर जोडणीत होती! भंगारवाल्याच्या काट्यावर जे चढत नाही, नेमकं तेच त्याने शोधलं होतं.

बरं, तरीही वजन काढायचंच असेल तर कसं काढायचं? हा प्रश्न व्यवहाराचा आहे. जुना ट्रॅक्टर ट्रकवर चढवून न्यायचा असतो, साखळीची आणि फळ्यांची ताकद ठरवायची असते. आरसी बुकात बिनभाराचं वजन लिहिलेलं असतं, पण जुन्या यंत्राच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नये. पहिला प्रश्न असा विचारायचा की हे वजन कशासकट? टाकीत इंधन, रेडिएटरमध्ये पाणी, गिअरबॉक्समध्ये तेल धरलं आहे का? चाकांना बिडाची वजनं लावली आहेत का? आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे टायरमधलं पाणी. पकड वाढावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आहे. या आकाराच्या एका टायरमध्ये शंभर किलोच्या आसपास पाणी सहज मावतं. दोन्ही मागच्या टायरमध्ये भरलं तर दोनशे किलो झाले. पुस्तकातला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळत नाही, तेव्हा आधी व्हॉल्व्हशी बघावं.

दुसरी गोष्ट म्हणजे काट्यावर ट्रॅक्टर एकदाच उभा करू नका. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग फक्त मागची घ्या. मग पूर्ण. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी आली पाहिजे. नाही आली तर काटा सपाटीत नाही, किंवा तुम्ही चढावर उभे आहात. समजा पुढे ४०० किलो भरले, मागे ८००, आणि दोन ॲक्सलमधलं अंतर १८० सेंटिमीटर आहे. एकूण १२०० पैकी पुढे एकतृतीयांश. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे १८० च्या एकतृतीयांशावर, ६० सेंटिमीटरवर आला. ट्रकवर ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, कुठे बांधायचा, हे या आकड्यावरून कळतं. आणि आणखी एक गोष्ट कळते. उलटण्याचा धोका एकूण वजनातून कळत नाही, तो या विभागणीतून कळतो. फोर्डसन आणि फर्ग्युसन यांच्यातला फरक समजायला सुरुवात इथून होते.

आता वळू दुसऱ्या प्रश्नाकडे, नावाकडे. नाव हे यंत्रावर छापलेलं असतं, मग ओळखायचं काय त्यात? यावर अमेरिकेतली एक खरी हकिकत सांगतो. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझर नावाचा शेतकरी होता, पुढे तो विधिमंडळातही गेला. त्याने मिनिआपोलिसच्या ‘फोर्ड ट्रॅक्टर कंपनी’चा ट्रॅक्टर घेतला. त्या कंपनीचा हेन्री फोर्डशी काडीचा संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस तिने जवळ ठेवला होता, नावापुरता. ट्रॅक्टर अगदीच टाकाऊ निघाला. नंतर त्याने दुसरा घेतला, तोही तसाच. शेवटी रुमेलीचा ऑइलपुल घेतला, तो कंपनीने सांगितलं होतं त्याहून जास्त काम देऊ लागला. क्रोझरच्या मनात आलं, पाटीवरचा शब्द आणि यंत्राची ताकद यांचा मेळ कुणीतरी तपासायला नको का? १९१९ साली नेब्रास्काने कायदा केला की राज्यात विकायच्या प्रत्येक मॉडेलची चाचणी विद्यापीठात व्हावी. १९२० पासून त्या चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांचे अहवाल जगभर प्रमाण मानले गेले. त्या अहवालांत वजन असतं, तेही बिडाच्या वजनांसह आणि त्यांच्याविना, असं वेगवेगळं. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात होतं, ते केंद्र १९५५ साली सुरू झालं. म्हणजे बघा, वजनाची विश्वासार्ह नोंद जन्माला आली ती नावाच्या फसवणुकीतून. दोन्ही प्रश्न इथे पहिल्यांदा एकत्र येतात.

टीई-२० कडे परत येऊ. फर्ग्युसनने १९३८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत हेन्री फोर्डसमोर आपलं यंत्र चालवून दाखवलं. फोर्ड खूश झाला. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि करार झाला असं मानलं. कागद नाही, सही नाही. १९३९ साली फोर्ड ९एन बाजारात आला, त्यावर ‘फोर्ड’ आणि ‘फर्ग्युसन सिस्टिम’ अशी दोन्ही नावं होती. युद्धाच्या काळात, १९४२ साली, त्याला २एन हे नाव मिळालं. आता ओळखणाऱ्याची फजिती बघा. मॉडेल २एन झालं, पण इंजिनवर ठोकलेल्या क्रमांकाची सुरुवात ९एन अशीच राहिली. क्रमांकाची सुरुवात वाचून ‘हा ९एन’ असं जो सांगेल, तो चुकू शकतो. अक्षरांच्या पुढचा आकडाही वाचावा लागतो.

हेन्री फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर तो तोंडी करार मोडला. १९४७ साली फोर्डने ८एन काढला, तीन पुढच्या गिअरऐवजी चार, आणि फर्ग्युसनचं नाव गाळून. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. शब्दावर विसंबलेल्या माणसाला आपलं नाव परत मिळवायला चार वर्षं लढावं लागलं.

दरम्यान १९४६ साली इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीजवळ बॅनर लेनच्या कारखान्यात टीई-२० चं उत्पादन सुरू झालं होतं. युद्धात तिथे विमानांची इंजिनं बनत. कारखाना चालवणारी स्टँडर्ड मोटर कंपनी. दहा वर्षांत तिथून पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. सगळे राखाडी, सगळे सारख्याच बांध्याचे. वरवर बघितलं तर एकाच साच्यातले. पण मॉडेलची अक्षरं वेगळी, आणि त्या अक्षरांत इतिहास आहे.

टीई म्हणजे ‘ट्रॅक्टर, इंग्लंड’. अमेरिकेत डेट्रॉइटला बनलेला भाऊ टीओ-२०, त्यातला ओ ‘ओव्हरसीज’चा. सुरुवातीच्या साध्या टीई-२० मध्ये अमेरिकेहून आणलेलं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, कारण स्टँडर्डचं स्वतःचं इंजिन अजून तयार नव्हतं. ते आल्यावर मॉडेल झालं टीईए. मग टीईडी. हे रॉकेलच्या जातीच्या स्वस्त ट्रॅक्टर तेलावर चालायचं. सुरू करायचं पेट्रोलवर आणि तापल्यावर तेलावर वळवायचं. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पेट्रोलची रेशनिंग होती, हे त्या ‘डी’ अक्षरात दडलेलं आहे. १९५१ पासून टीईएफ, म्हणजे डिझेल. टीईसी म्हणजे अरुंद बांध्याचा, आणि टीईके म्हणजे द्राक्षमळ्यांच्या ओळींतून जाईल असा आणखी अरुंद. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हा ‘के’ समजावून सांगायची गरज नाही.

मग ओळखायचं कसं? प्रमाणांच्या भाषेत सांगतो, म्हणजे लक्षात राहील. पहिलं शब्दप्रमाण. स्टीअरिंगच्या पुढे डॅशबोर्डवर एक छोटी धातूची पाटी असते. तिच्यावर मॉडेलची अक्षरं आणि अनुक्रमांक ठोकलेला असतो. अनुक्रमांकावरून वर्ष काढता येतं. पण पाटी दोन खिळ्यांवर असते, ती दुसऱ्या ट्रॅक्टरवर जाऊ शकते. शब्दप्रमाण हे बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेइतकंच खरं.

दुसरं प्रत्यक्ष. इंजिन डिझेल आहे की पेट्रोल? स्पार्क प्लग आहेत की इंजेक्टर? इंधनाच्या टाकीला एकच कप्पा की पेट्रोलसाठी वेगळा छोटा कप्पा? चाकांमधलं अंतर किती? इंजिनावर ठोकलेला त्याचा स्वतःचा क्रमांक काय? रंगावर मात्र जाऊ नका. रंग हा सर्वांत स्वस्तात बदलणारा पुरावा आहे. लाल टीई-२० दिसला तर तो पुढच्या कुणाची तरी हौस आहे, कारखान्याची नाही.

तिसरं अनुमान. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांच्या बिडाच्या भागांवर ओतकामाच्या तारखेच्या खुणा असतात. त्यावरून तर्क सरळ बांधता येतो. भाग ओतल्याशिवाय ट्रॅक्टर जोडला जात नाही, म्हणून ट्रॅक्टर आपल्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. पण त्यात ‘मूळ’ हा शब्द आहे, आणि तोच अवघड आहे. गिअरबॉक्स १९४९ ची, इंजिन १९५२ चं, पाटी १९४८ ची. काय म्हणायचं याला?

आपल्याला मिलिंदप्रश्नातला रथ माहीत आहे. भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? या सगळ्यांच्या आधाराने आपण ‘रथ’ हे नाव वापरतो, इतकंच. ग्रीकांनी हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला. प्लुटार्कने तो नोंदवला. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या जपून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? ट्रॅक्टरवाल्यांसाठी हा वर्गातला प्रश्न नाही. दोन मोडक्या टीई-२० मधून एक चालता करणं हा जगभरचा रोजचा उद्योग आहे.

माझं उत्तर असं. शेतीचं यंत्र आयुष्यभर दुरुस्त होत राहतं, ते त्याचं सामान्य जीवन आहे, भेसळ नव्हे. न दुरुस्त झालेला जुना ट्रॅक्टर म्हणजे एकतर फार वापरला न गेलेला, किंवा लवकर मेलेला. म्हणून ‘हा कुठला?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका शब्दात नसतं, ते एका वाक्यात असतं. ‘टीईडी म्हणून बनला, नंतर डिझेल इंजिन चढवलं, पुढची चाकं दुसऱ्याची.’ ही वंशावळ आहे. ती लिहिली की ट्रॅक्टरची ओळख पटते. ती पुसून एकच नाव लिहिलं, तर ते खोटं नसलं तरी अपुरं ठरतं.

याचं एक भव्य उदाहरण आपल्या ओळखीच्या माणसाचं आहे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी. ४ जानेवारी १९५८ रोजी हिलरी आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर बसून. बर्फासाठी त्यांच्या चाकांवर पट्टे चढवले होते, चालकांसाठी कापडी आडोसे केले होते, आणि बर्फातल्या भेगांत एखादा कोसळला तर इतरांनी धरावा म्हणून ते दोराने एकमेकांना बांधले होते. शेतातला फर्ग्युसन ओळखणाऱ्याला ते ओळखू आले असते का, शंका आहे. आणि त्यांचं वजन? पट्ट्यांसह आणि सामानासह ते पुस्तकातलं राहिलं नव्हतं. पण कामाला आलं तेच: हलकं यंत्र, साधी रचना, कुणालाही दुरुस्त करता येईल असं.

आता घरी येऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टर आले ते आधी सरकारी कामासाठी. मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन गिळली होती. मुळं इतकी खोल की बैलांच्या नांगराला दाद देईनात. हरळी-कुंद्याशी झुंजलेल्या माणसाला हे सांगायला नको. सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने युद्धातून उरलेली अवजड यंत्रं त्यावर घातली, आणि १९४९ साली अशा यंत्रांसाठी जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तिथे वजन हवंच होतं. पण शेतकऱ्याच्या दारी जो ट्रॅक्टर आला तो हलका होता, लिफ्टवाला होता. १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे उभी राहिली, १९६३ साली मुंबईत महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने कंपनी काढली आणि कांदिवलीतून बी-२७५ निघू लागला. कंपनी कोणतीही असो, मागे तीन बिंदूंचीच जोडणी होती. आज गावातल्या पोराला टॉपलिंक कशी लावायची हे कळतं, पण ती कुणाच्या डोक्यातून निघाली हे माहीत नसतं. त्यात वावगं काही नाही. चांगल्या शोधाचं असंच होतं. शोधकाचं नाव जातं आणि शोध हाताची सवय होऊन राहतो.

वावगं आहे ते वेगळंच. २०२१ साली केंद्र सरकारने नियम करून विंटेज वाहनाची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली वाहनं. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. चांगली गोष्ट आहे. पण ती व्याख्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. संस्थानिकाच्या मोटारीला भूतकाळ आहे. ज्याने पडीक रान पिकाखाली आणलं त्याला नाही, त्याला फक्त वजन आहे! शिवाय ‘मूळ रूपात’ ही अट पाहा. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला ती झेपेल. दर हंगामात राबलेल्या ट्रॅक्टरला कशी झेपेल? उद्या ट्रॅक्टरसाठी नियम झाला, तर त्याला वंशावळीची कसोटी लावावी लागेल, अभंगपणाची नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? थोडं आहे, पण आहे. तुमच्या वाड्यात, भावकीत, गावात असा जुना ट्रॅक्टर असेल, तर तो विकू नका असं मी सांगणार नाही. जागा अडते, पैसा लागतो, मला कळतं. पण विकण्याआधी एक दुपार द्या. पाटीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. घासून चमकवायला जाऊ नका, क्रमांक पुसला जातो. इंजिनावरचा क्रमांक आणि ओतकामाच्या खुणा वहीत उतरवा. काट्यावर नेणारच असाल, तर पुढची आणि मागची चाकं वेगळी तोलून घ्या, टायरमध्ये पाणी आहे का लिहा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कधी आणला, कुठून आणला, काय काय बदललं. हे सगळं मिळून चार पानं होतील. त्या चार पानांवर नाव असेल आणि वजनही असेल.

नंतर काट्यावर गेला तरी चालेल. तो निनावी जाणार नाही.

 आता प्रश्न विचारा.